मदत हवी आहे: क्रूझवरच्या गाला नाईटला आई-बाबांनी काय घालायचं, आणि सूट नाही घातला तर जेवायचं कुठे?

जुई_फोंडा

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत म्हणून इंग्लंडला असलेल्या माझ्या ताईने सगळ्यांसाठी क्रूझ बुक केलीय, साउथॅम्प्टनहून निघून नॉर्वेचे फिओर्ड (डोंगरांमधे शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) बघून परत, सात रात्री, क्युनार्डची क्वीन मेरी टू. आई-बाबा, ताई-भावजी आणि मी. आधी सगळे खूश होते, मग ताईने कंपनीच्या ड्रेस कोडचं पान व्हॉट्सॅपवर टाकलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

त्यात लिहिलंय की संध्याकाळी सहानंतर जहाजावर 'स्मार्ट' कपडे, आणि दोन रात्री गाला इव्हनिंग, म्हणजे पुरुषांनी टक्सिडो किंवा गडद सूट आणि टाय. आता बाबा म्हणजे सगळं आयुष्य फोंड्याच्या बाजारात दुकानात उभं राहून काढलेला माणूस, हाफ शर्ट, पँट आणि चपला. स्वतःच्या लग्नातसुद्धा सूट घातला नव्हता. त्यात डायबेटीस, संध्याकाळपर्यंत पावलं सुजतात, कडक लेदरचे बूट त्यांना घालता येतच नाहीत. पान वाचून ते एवढंच म्हणाले की "तुम्ही जा खाली जेवायला, मी खोलीतच काहीतरी खाईन."

हे मला नकोय. ज्यांच्यासाठी सगळं चाललंय तोच माणूस केबिनमधे एकटा जेवणार असेल तर मग कशाला जायचं? त्यांना त्या मोठ्या डायनिंग रूममधे आमच्याबरोबर, कोणापुढे ओशाळं न वाटता, बसलेलं मला बघायचंय.

आईचं वेगळंच. साडी चालेल का हा पहिला प्रश्न, आणि एका गालाची थीम म्हणे ब्लॅक अँड व्हाइट असते, तर ती म्हणते लग्नाच्या वाढदिवसाला मी काळंही नेसणार नाही आणि पांढरंही नाही. जेवणाचं म्हणाल तर बाबांना नुस्तं म्हणजे मासे लागतात, आई सोमवारी शिवराक म्हणजे शाकाहारी, बीफ कोणालाच चालत नाही. आईला काट्या-चमच्याची सवय नाही, भात ती हातानेच जेवते.

तिथे साध्या कपड्यांत जेवता येईल अशा जागा कुठल्या, आणि गालाच्या रात्री त्या उघड्या असतात का? ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी सांगा.

मांडवीकिनारी

अहो काही टेन्शन घेऊ नका! आम्ही सिंगापूरहून गेंटिंग ड्रीम केली होती, टी-शर्टवर बुफेत जेवलो, कोणी बघितलंसुद्धा नाही. अर्धं जहाज आपलीच माणसं. बिनधास्त जा.

सागरलाट

मांडवीकिनारी, तुमचा अनुभव खरा आहे पण तो इथे लावू नका, कारण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. नॉर्वेजियन क्रूझ लाइन कंपनीवाले मुद्दाम फॉर्मल नाईट ठेवतच नाहीत, कोणी हौसेने नटलं तर नटलं. रॉयल कॅरिबियनवर नटायची रात्र असते पण ज्याला नको त्याने सरळ विंडजॅमर बुफेत जावं. आपल्या मुंबई-गोवा कॉर्डेलियावर तर सगळा कारभार मोकळाच. क्युनार्ड मात्र या सगळ्यांत कडक, लोक तिथे नटायलाच जातात.

जुई, आता तुझ्यासाठी. ते पान पुन्हा नीट वाच, त्यात टक्सिडो आणि सूटच्या बरोबरीने 'फॉर्मल नॅशनल ड्रेस' असं लिहिलेलं आहे, बायकांसाठीही आणि पुरुषांसाठीही. म्हणजे तुझ्या बाबांना सूटची गरजच नाही. बंदगळा कोट आणि पँट, किंवा चांगला कुर्ता-चुडीदार आणि वर जॅकेट, हे पूर्ण नियमात बसतं, कोणी उपकार करून आत सोडणार नाहीये. स्कॉटिश लोक त्या रात्री किल्ट घालून येतात ते याच नियमाने. आणि आईला सांग साडी शंभर टक्के चालते, पैठणी काढा.

थीम ऐच्छिक असते. काळं-पांढरं न घालता येणारे कितीतरी असतात. आईंना हिरवी नेसायची तर हिरवी नेसू दे.

बाकीच्या रात्री टाय लागत नाही, कोटही घातला तर घातला. बाबांना फुल शर्ट आणि नीट पँट पुरे.

जुई_फोंडा

सागरलाट, ते 'नॅशनल ड्रेस' मी वाचलं होतं पण मला वाटलं ते वकिलातीतल्या वगैरे लोकांसाठी असेल! तुम्ही असं स्पष्ट सांगितल्यावर छातीवरचं ओझं उतरलं. बाबांना आता लगेच वाचून दाखवते.

अप्पा_डिचोली

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नये. आपण मंगेशीला शॉर्ट्स घालून जात नाही ना, तसंच हे. ज्याच्या घरी जायचं त्याची रीत पाळावी. एक सूट शिवून घ्या, पुढे नातीच्या लग्नात घालतील.

जुई_फोंडा

अप्पा, राग नाही. रीत पाळायला बाबांची ना नाहीच, ते देवळात सोवळं पाळणारे आहेत. पण ज्या कपड्यात स्वतःचाच जीव घुसमटतो त्यात दोन रात्री काढायच्या, तेही स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाला, हे मला पटत नाही. बंदगळा त्यांच्या रीतीतही बसतो आणि आपल्याही.

म्हापशाचो_नातू

धागा वाचून मुद्दाम शेजारच्या काकांकडे जाऊन बसलो. ते तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी केलेले, पूर्वी ब्रिटिश जहाजांवर डायनिंग रूममधे वेटर होते, हेडवेटर म्हणून रिटायर झाले. त्यांचे वडीलही जहाजावरच, मुंबईला धोबीतलावच्या कुडीत (गोव्याच्या गावकऱ्यांच्या राहायच्या क्लबात) राहून बोटीची वाट बघायचे त्या पिढीतले. गोव्यातल्या किती घरांची कौलं या डायनिंग रूमच्या पगारावर चढली आहेत हे आपल्या लोकांना सांगायला नको, त्यामुळे तिथे जाताना बुजायचं काय कारण, असं काकांचं म्हणणं. ते म्हणाले, "भियेवपाची गरज ना, साडी दिसली की वेटरांक खोस जाता." म्हणजे घाबरायची गरज नाही, साडी दिसली की वेटर खूश होतात.

त्यांनी सांगितलेलं जसं आठवतंय तसं लिहितो. तिथलं मुख्य रेस्टॉरंट म्हणजे ब्रिटानिया, अवाढव्य आहे, जहाजाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. जेवणाच्या दोन पंगती असतात, पहिली सहाला आणि दुसरी साडेआठला, ज्यांनी घेतली त्यांची तीच रोज, टेबल तेच आणि वेटरही तेच. हे तुमच्या फायद्याचं आहे कारण पहिल्या रात्री एकदा सगळं सांगितलं की पुढे रोज नव्याने समजवावं लागत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला पाठ असतं की आजोबांना मासे आणि आजींना साधं पाणी, बर्फ नको. टेबल सहा-आठ जणांचं अनोळखी लोकांबरोबरही मिळू शकतं, म्हणून ताईला आत्ताच सांगा की आम्हा पाचांचंच टेबल द्या म्हणून कळवून ठेव. आपली म्हातारी माणसं अनोळखी माणसांसमोर पोटभर जेवत नाहीत, हे काकांनी स्वतः बघितलंय.

बीफबद्दल त्यांनी फार कळकळीने सांगितलं. मेनूत बीफ लिहिलेलं दिसतं ते सोडणं सोपं, न दिसणारं बघायला हवं. फ्रेंच अनियन सूप नाव कांद्याचं पण बहुतेक वेळा बीफच्या स्टॉकमधलं असतं, कॉन्सोमे म्हणजे गाळलेलं पातळ सूप तसंच, भाजलेल्या बटाट्यावरची ग्रेव्ही तशीच, आणि गोडात जेली किंवा मूस असेल तर जिलेटिन, जे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. म्हणून हेडवेटरला नुसतं 'नो बीफ' न सांगता 'स्टॉक आणि ग्रेव्हीतही नको' असं म्हणायचं. आईंच्या सोमवारसाठीही नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही, अंडं नको हे वेगळं सांगायचं. आदल्या रात्री हेडवेटरकडून दुसऱ्या दिवसाचा मेनू मागून घ्यायचा आणि तिथेच ठरवून टाकायचं, म्हणजे किचनला वेळ मिळतो. डाळ-भातही विचारून बघा, एक दिवस आधी सांगितलं तर बरेचदा करून देतात.

हाताने जेवण्याचं विचारलं तर काका थोडे रागावलेच. म्हणाले, पंचतारांकित जहाजावर आयुष्य काढलं, हाताने जेवणाऱ्या बाईकडे वाकडं बघणारा वेटर टिकत नाही. फिंगर बोल मागायचा, कोमट पाणी आणि लिंबाची फोड घालून आणून देतात.

जुई_फोंडा

म्हापशाचो_नातू, काकांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. तुमचं उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं, ती फिंगर बोलपर्यंत गप्प होती आणि मग म्हणाली की काकांना विचार, वेटरांना गोव्याची काजूची पाकिटं दिली तर चालतात का!

अजून दोन गोष्टी राहिल्यात. बाबांचे बूट. आणि समजा एखाद्या गालाच्या रात्री बाबांचे पाय जास्तच सुजले आणि कपडे बदलायचीही ताकद नसेल तर आम्ही पाचही जण त्यांच्याबरोबर साध्या कपड्यांत कुठे जेवू? त्यांना एकट्याला सोडणार नाही एवढं नक्की.

सागरलाट

त्या रात्रीही पर्याय आहेत. किंग्ज कोर्ट म्हणजे सातव्या डेकवरचा बुफे, तो साध्या कपड्यांसाठी उघडा असतो. गोल्डन लायन पब दुसऱ्या डेकवर, तिथेही साध्या कपड्यांत बसता येतं, पण रात्री जेवण मिळतं का ते चढल्यावर विचारून घ्या. शिवाय कारिंथिया लाउंज. साध्या कपड्यांत म्हणजे तरीही नीट शर्ट-पँट बरं का, पोहायच्या कपड्यांत किंवा रबरी चपलांवर नाही. फक्त हे लक्षात ठेवा की गालाच्या रात्री साध्या कपड्यांत या ठरलेल्या जागांच्या बाहेर, म्हणजे क्वीन्स रूममधे जिथे बॉलडान्स असतो तिथे वगैरे, जाता येत नाही. तेवढं एक बघायचं राहून जाईल. म्हणून मी म्हणेन दोनपैकी एका गालाला तरी बाबांना बंदगळ्यात न्याच, आणि जेवणाआधी मोठ्या जिन्यावर आई-बाबांचा फोटो काढून घ्या, जहाजाचे फोटोग्राफर उभे असतात, प्रिंट हवी तरच पैसे.

रूम सर्व्हिस चोवीस तास आहे पण ती अगदी शेवटचा पर्याय.

जायांची_वेणी

बुटांचं मी सांगते, माझ्या सासऱ्यांनाही हाच त्रास. शोरूममधले फॉर्मल शूज बघूच नका. डायबेटीसवाल्यांसाठी रुंद पंजाचे, आतून मऊ, वेल्क्रोचे बूट मिळतात, त्यात पूर्ण काळा रंग आणि वर काही चमचमणारं नसलेले घ्या, लांब पँटखाली ते कोणाच्या लक्षातही येत नाहीत. संध्याकाळी पाय सुजलेले असतानाच मापाला न्या, सकाळी नाही! आणि निघायच्या आधी महिनाभर घरात घालायला लावा. नव्या बुटाने फोड आला तर डायबेटीसमधे किती महाग पडतं ते आम्ही घरात बघितलंय. जेवणाची पंगत पहिलीच घ्या, सहाची, औषधांच्या वेळा सांभाळायला ती बरी.

आणखी एक, आई देवपूजेचं सामान बरोबर नेणार असतील तर निरांजन, उदबत्ती, कापूर काही नेऊ नका, जहाजावर केबिनमधे उघडी ज्योत अजिबात चालत नाही, आगीची भीती असते. बॅटरीवरची समई न्या. जूनमधे तिकडे सूर्य रात्री अकराच्या आसपास मावळतो, त्यामुळे दिवेलागण कधी धरायची हा प्रश्न आईंना पडणारच, माझ्या सासूबाईंनी घड्याळ बघून सातला लावला होता आणि मला ते बरोबर वाटलं.

इस्त्रीही नेऊ नका, काढून ठेवतात. जहाजावर कपडे धुवायची खोली आहे, मशीन आणि इस्त्री फुकट. पैठणीला मात्र ती इस्त्री लावू नका, घडी बदलून मलमलीत गुंडाळून न्या.

मांडवीकिनारी

काजू चालतील, पण पेढे, तूप असलं दुधाचं काही नेऊ नका, भारतातून ब्रिटनमधे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आणि विषय थोडा बाजूचा आहे पण नॉर्वेसाठी शेंगेन व्हिसा लागेल, ब्रिटनचा असला तरी. बोटीवरून तासभर उतरायचं असलं तरी हवा.

जुई_फोंडा

शेंगेनचं ताईने सुरू केलंय. बाबा आज स्वतःहून म्हणाले की बंदगळा शिवायचा तर फोंड्यातच आपल्या टेलरकडे, मापाला तोच येऊन बसेल दुकानात, आणि रंग आईच्या साडीला शोभेल असा. आई हिरवी पैठणी नेसणार. सहाची पंगत, पाच जणांचं टेबल, बीफ-स्टॉक-अंडं हे सगळं ताईला लिहून पाठवते. हे कंपनीला आधीच कळवायचं की जहाजावर पोचल्यावर?

म्हापशाचो_नातू

दोन्ही. काकांना विचारलं. बुकिंग ताईच्या नावावर आहे तर आहाराचा फॉर्म तिनेच आत्ता ऑनलाइन भरायचा, शेवटच्या आठवड्यावर ठेवायचा नाही, आणि चढल्या दिवशी दुपारीच रेस्टॉरंटच्या दारात जाऊन हेडवेटरला भेटून तेच पुन्हा तोंडी सांगायचं, टेबलही तेव्हाच डोळ्यांनी बघून घ्यायचं. फार लांब असेल तर दाराजवळचं मागा, बाबांना कमी चालावं लागेल. काजूचं पाकीट शेवटच्या रात्री द्यायचं म्हणाले.