चारचौघांत इन्सुलिन घेताना: तुमचे अनुभव लिहा

कळंब्याची
काल मिसळ खायला गेलेलो. शेजारच्या टेबलावर कॉलेजच्या तिघीजणी. मिसळ समोर आली तशी एकीनं पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं, सुई फिरवून बसवली, दोन युनिट हवेत सोडले, टॉपची कड जराशी उचलली आणि पोटात टोचलं. मैत्रीण परीक्षेचं काहीतरी बोलत होती, ती बोलतच राहिली. हिनं मनात दहापर्यंत मोजलं, सुई काढली, टोपण लावलं आणि पाव मोडला.

मला टाइप १ डायबेटिस आहे, शाळेपासून. आई म्हणायची, कुणाला दिसू देऊ नकोस, स्थळं यायची नाहीत. मग कुठल्या कुठल्या स्टँडवरच्या संडासात उभं राहून घेतलंय. एका हातात बाटली, दातात सिरिंजचं टोपण, पर्स गळ्यात, बाहेरून दार वाजतंय. शेवटी स्थळ आलं त्यांना आम्ही सगळं सांगितलं, तर सासूबाईंनी एवढंच विचारलं, "मग सुई घेतल्यावर किती वेळानं जेवतीस? म्हणजे तवा कधी ठेवायचा ते कळंल."

तुम्ही बाहेर कुठं घेता? लोक काय म्हणतात? लिहा बघू.

घुमटावरचा
टेबलावरच घेतो. लोकांचा त्रास नाही ओ, पंगतीचा आहे. माझं जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं घ्यायचं. मेव्हण्याच्या पोराचं लग्न, पानं मांडली, मीठ-लोणचं आलं, मी घेतलं. तेवढ्यात आमदार आले. झाला सत्कार सुरू. फेटा, नारळ, भाषण. वाढपी पण ऐकत उभे. माझी शुगर उतरली, घाम फुटायला लागला, हात थरथरायला लागला. शेवटी ओरडलो, भावा आधी जिलेबी टाक! अख्खी पंगत बघायला लागली, शुगरवाला जिलेबी मागतोय.

पांढरा_रस्सा
आमदार कुठले ते कळलं. आमच्याकडं पण आलते.

साडीवाली
साडीसारखी सोय नाही बायांनो. पदराआडनं हात घातला की झालं, शेजारच्या बाईला कळत पण नाही. ड्रेसवर मात्र पंचाईत, सगळं वर उचलावं लागतंय. मी मांडीत घेते मग. डॉक्टर म्हणतात जागा बदलत जा, एकाच ठिकाणी टोचून गाठी धरतात आणि तिथं औषध नीट लागत नाही.

तालमीतला
जिममध्ये बॅग उघडी राहिली, पोरांनी पेन बघितलं. झालं! "दादा कुठलं मारताय, आम्हाला पण सांगा की." किती सांगितलं इन्सुलिन आहे, पटेना. एकजण कोपऱ्यात घेऊन गेला, म्हणतो कितीला मिळतंय. म्हटलं बाबा, निरोगी माणसानं हे घेतलं तर साखर उतरून तिथंच आडवा होशील, जीव जाईल. तरी चेहऱ्यावर तेच, हा लपवतोय.
माझे दंड बघून तरी कळायला पाहिजे होतं.

कळंब्याची
@तालमीतला हसून हसून पुरेवाट झाली. पण हे खरंच धोक्याचं आहे, पोरांना दटावून सांगा.

सुगरण_७१
कारल्याचा रस सकाळी अनशापोटी. माझ्या दिरांची सुई सुटली.

घुमटावरचा
ताई, दिरांचं टाइप २ असंल. टाइप १ मध्ये शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, सुई सोडली तर दवाखाना गाठावा लागतो. कारलं भाजीत चांगलं.

सुगरण_७१
बरं बाबा. भाजी कुणी खात नाही आमच्यात.

कुंभार_गल्ली
आमचं थोडं लांबेल. २०१९ चा पूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टात पाणी ५५ च्या वर गेलं. आम्हाला बोटीतनं काढलं आणि एका शाळेत ठेवलं. लाइट नाही, फ्रिज नाही. बाबांची इन्सुलिनची बाटली मी ब्लाउजात घालून आणली आणि नंतर आठवलं, अंगाची ऊब लागंल. शाळेतल्या एका बाईंनी मडकं दिलं. घमेल्यात ओली वाळू, वाळूत मडकं, मडक्यात पिशवीत गुंडाळून बाटली, वर ओलं फडकं. हवा पण गार होती म्हणून निभावलं. सील फोडलेली बाटली तशीही सावलीत, थंड जागी चारेक आठवडे चालते, हे तिथं आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

बाबा आयुष्यभर आतल्या खोलीत दार लावून घेणारे. तिथं कुठली खोली? शंभर माणसं चटयांवर. पहिल्या सकाळी भिंतीकडं तोंड करून घेतलं. लगेच पलीकडच्या चटईवरची आजी म्हणाली, "माझी बाटली घरात राहिली हो, पाण्यात गेली. तुमचीच दिसतीय, द्या की थोडं." बाबा द्यायला निघालेच होते, मी थांबवलं. डॉक्टरांनी आजींना विचारलं तर त्यांचं औषध दुधासारखं गढूळ असायचं, घ्यायच्या आधी हातात घोळवायचं, म्हणजे मिक्स, दोन प्रकारचं इन्सुलिन एकत्र केलेलं. बाबांचं पाण्यासारखं स्वच्छ. दोन वेगळी औषधं. आजींचं दुपारी आलं. मग रोज भाताची पातेली आली की बाबा आणि आजी शेजारी बसून घ्यायचे, आणि पोरं गोल करून बघायची. बाबा त्यांना मोजायला लावायचे, एक ते दहा.

साडीवाली
वाचून डोळ्यात पाणी आलं गं. बाबा कसे आहेत आता?

कुंभार_गल्ली
मजेत. आता दारात खुर्ची टाकून घेतात, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवतात. आई वैतागलीय.

पांढरा_रस्सा
बाटलीवाल्यांनी एक बघा. पुण्याला गेलेलो, सिरिंज संपल्या. दुकानदारानं केशरी टोपणाची दिली. आपली बाटली ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. केशरी १०० ची. ४० च्या बाटलीला केशरी वापरली तर डोस निम्म्याहून कमी जातो. उलटं झालं तर अडीच पट. मी परत करायला गेलो तर म्हणतो सगळ्या सारख्याच. त्याच्यासमोर बाटलीवरचा आकडा वाचून दाखवला तेव्हा बदलून दिली.

लेकाची_आई
मुलगा चौथीत आहे. वर्गात बाईंसमोर घेतो. पोरं म्हणतात ह्याला डबा खायच्या आधी परवानगी लागते. तो म्हणतो तुम्हाला हात धुवावे लागतात तसंच. मी रडले होते पहिल्या दिवशी, तो नाही. कुकर झाला, नंतर लिहिते

तालमीतला
वाघ आहे. भेळ खायला आणा त्याला खासबागेत, माझ्याकडनं.

घुमटावरचा
भेळेत चिंचगुळाचं पाणी कमी सांगा. आणि खिशात ग्लुकोजची पुडी पाहिजेच. शुगर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं.

साडीवाली
वापरलेल्या सुया कशात टाकता? हॉटेलात टिश्यूत गुंडाळून ठेवलेली बघितली मी एकदा. टेबल पुसणाऱ्या पोराच्या हातात गेली असती.

कळंब्याची
पर्समध्ये छोटी जाड प्लॅस्टिकची डबी. घरी फिनाइलचा रिकामा कॅन, त्यात ओतते. घंटागाडीत टाकायचं धाडस होत नाही.

कुंभार_गल्ली
आमचा लॅबवाला घेतो. त्यांच्याकडं सुयांचा वेगळा पांढरा डबा असतोय, तो दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर जातो. आधी विचारून ठेवा, सगळेच घेत नाहीत.

साडीवाली
उद्याच विचारते. दोन कॅन भरून पडलेत, नवरा म्हणतोय भंगारात घाल.

तालमीतला
वहिनी, नवऱ्याला भंगारात घाला.