कांचनजुंगा: सीमा आणि चढाईच्या दोन बाजू

कांचनजुंगा हे 'पूर्णपणे भारतातील' शिखर असल्याचे म्हटले जाते, त्यात थोडी दुरुस्ती आवश्यक आहे. ८,५८६ मीटर उंचीच्या या पर्वताच्या पाच प्रमुख शिखरांपैकी मुख्य, मध्य व दक्षिण ही तीन सिक्कीम आणि नेपाळ यांच्या सीमेवर आहेत, तर यालुंग कांग व कांगबाचेन ही दोन नेपाळमध्ये येतात.

चढाईच्या इतिहासात ही सीमारेषा फार महत्त्वाची ठरली. चार्ल्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश मोहिमेने १९५५ मध्ये नेपाळकडील यालुंग हिमनदीच्या बाजूने वाट काढली आणि २५ मे रोजी जॉर्ज बँड व जो ब्राऊन माथ्यापर्यंत पोहोचले. मात्र सिक्कीमच्या चोग्याल (राजा) यांना दिलेल्या शब्दाला जागून ते अगदी टोकाच्या काही फूट अलीकडेच थांबले. सिक्कीमकडील ईशान्य धारेवर जर्मन गिर्यारोहक पॉल बाउअर यांना १९२९ आणि १९३१ अशी दोनदा माघार घ्यावी लागली होती. तीच धार १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या भारतीय लष्करी मोहिमेने सर केली. माझ्या मते गिर्यारोहणाच्या दृष्टीने ही कामगिरी १९५५ च्या चढाईपेक्षा अधिक खडतर होती, आणि तिची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते.

पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेच्या दहा गिर्यारोहकांनी मे २०१९ मध्ये हे शिखर गाठले, तेही नेपाळच्याच बाजूने. कारण सिक्कीममधून शिखरावर चढण्यास सरकारची बंदी आहे.