खिडकी बुजवली, चिणली की पत्रा मारला?

पूर्णेकर : अमेरिकेतल्या जुन्या डिझेल इंजिनांवरचा एक मजकूर मराठीत करायलोय. १९८० नंतर तिथल्या रेल्वे कंपन्यांनी बऱ्याच जुन्या इंजिनांच्या केबिनच्या काही खिडक्या पोलादी पत्रा जोडून कायमच्या बंद केल्या. नुसतं 'बंद खिडक्या' लिहिलं तर वाटतं, ड्रायव्हरनं थंडीची लावून घेतली. काय म्हणावं?

परभणीकर : बुजवलेल्या. विहीर, बीळ, वाटणीनंतर भावाच्या अंगणात उघडणारी खिडकी, आपण सगळंच बुजवतो.

लातूरकर : बुजवायला माती-विटा लागतात हो. 'चिणलेली' तर नकोच, अनारकली आठवते. गॅरेजवाला सरळ 'पत्रा मारला' म्हणतो. पण चांगल्या खिडक्या बंद कामून केल्या?

पूर्णेकर : काचेच्या नियमापायी. गाड्यांवर दगडफेक व्हायची, गोळ्याही झाडल्या जायच्या. म्हणून तिथल्या संघीय रेल्वे प्रशासनानं १९७९च्या अखेरीस नियम काढला. केबिनच्या समोरच्या काचेवर २४ पौंडांचा, म्हणजे जवळपास ११ किलोचा, सिमेंटचा ठोकळा ताशी ३० मैलांच्या वेगानं आदळला तरी तो आत येता कामा नये. बाजूच्या काचेला ठोकळ्याचा वेग कमी, पण पॉइंट बावीसची गोळी दोन्हींनी अडवायची. यार्डातली इंजिनं सोडली तर जुन्या इंजिनांना ३० जून १९८४ पर्यंत मुदत होती. अशी काच महाग आणि नियम केबिनच्या प्रत्येक खिडकीला. मग ज्या खिडकीवाचून काम अडत नव्हतं तिला काच घेण्यापेक्षा पत्रा स्वस्त पडला. काही खिडक्या नुसत्या लहान केल्या.

लातूरकर : म्हणजे खिडकी काढा असं कुणी म्हटलंच नव्हतं!

परभणीकर : म्हणूनच मजकुरात काच आणि खिडकी यांची गल्लत करू नका. काचेला 'तावदान' हा फारसीतून आलेला शब्द आहे. पण तावदान म्हटलं की वाड्याची रंगीत काच डोळ्यापुढं येते, गोळी अडवणारी नाही. तिथं 'काच'च ठेवा.

लातूरकर : आपल्या डिझेलच्या समोरच्या काचेवर लोखंडी जाळी असते, तीही दगडासाठीच ना?

पूर्णेकर : हो. पण जाळीतून सिग्नल दिसतो, पत्र्यातून काय दिसणार! आपले लोको पायलट समोरच्या काचेला 'लुकआउट ग्लास' म्हणतात, ते मी तळटीपेत घेतो. मजकुरात पहिल्यांदा 'पत्रा मारून बुजवलेल्या खिडक्या' आणि पुढं नुसतं 'बुजवलेल्या'. चालेल?

परभणीकर : चालेल. 'मारून'च्या जागी 'जोडून' केलं तर छापायला बरं.

लातूरकर : 'मारून'च ठेवा. जोडून म्हटलं की गोंदानं चिकटवल्यासारखं वाटायलंय.