मुलीच्या नडग्या दुखतात, पण गरबा संघातली जागा ती सोडायला तयार नाही

दांडियाबाजारची आई

नमस्कार. माझी मुलगी येथे बडोद्यात अकरावी विज्ञान शाखेत शिकते आणि गेल्या वर्षापासून शाळेच्या गरबा संघात आहे. संघ सोळा मुलींचा असून चार मुली राखीव आहेत. गुजरातेतील स्पर्धांत प्राचीन गरबा, अर्वाचीन गरबा आणि रास असे वेगवेगळे विभाग असतात, हे येथील वाचकांना ठाऊक असेलच. मुलीचा संघ अर्वाचीन गरब्यात उतरतो. जूनपासून रोज शाळा सुटल्यावर दोन तास सराव असे. स्पर्धा जवळ आल्यामुळे गेल्या महिन्यापासून रविवारचे चार तास त्यात वाढले आहेत. सराव सभागृहात, कोटा फरशीवर आणि अनवाणी चालतो.

गेल्या आठवड्यात ती जिना कठड्याला धरून, एकेक पायरी आडवी उतरताना मला दिसली. खोदून विचारल्यावर कळले की दोन्ही नडग्या तीन आठवड्यांपासून दुखत आहेत, उजवी अधिक, आणि रात्री आम्ही झोपल्यावर ती फ्रीजमधली पाण्याची बाटली नडगीवर फिरवत बसते. मॅडमना सांगितलेस का, असे विचारले, तर म्हणाली, "आई, मी बसले तर आमचा चौक तिघींचा होईल. समोरचीने टाळी कुणाला द्यायची?" यावर मला उत्तर सुचले नाही.

आणखी एक गोष्ट. गिरकी उंच जायला शरीर हलके हवे, असे मॅडम सरावात सर्वांना उद्देशून बोलल्या, तेव्हापासून हिने रात्रीची पोळी बंद केली आहे. सासूबाईंच्या मते हे नाचाचे खूळच बंद करावे, तर यजमानांना अकरावीच्या अभ्यासाची काळजी आहे. मला तिला संघातून काढायचे नाही. तिथे ती जितकी आनंदात असते तितकी अन्यत्र क्वचितच दिसते. तिच्या नकळत मॅडमना भेटावे का, आणि हे दुखणे सरावात सर्वांनाच होते तसले समजावे की डॉक्टरांकडे जावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

मागच्या रांगेतली

काकू, मी बडोद्यातल्याच दुसऱ्या एका शाळेच्या संघात तीन वर्षे होते आणि आता महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या मुलीचे ते चौकाचे वाक्य वाचून मला माझीच बारावी आठवली. मीही दुखणे लपवले होते. मॅडमची भीती मला फारशी नव्हती. शेजारच्या मुलींची होती. सहा महिने ज्यांच्या खांद्याला खांदा लावून फिरलो, त्यांची मेहनत आपल्या एका पायामुळे वाया जाईल ही भीती रागावणाऱ्या शिक्षकापेक्षा कितीतरी मोठी असते.

अखेर स्पर्धेला पाच दिवस असताना मला पाऊल टेकवेना. हाडाला बारीक तडा गेला होता आणि सहा आठवडे सक्तीची विश्रांती मिळाली. माझ्या जागी जी मुलगी उभी राहिली ती उत्तम नाचणारी होती, पण तोपर्यंत तिच्याकडून आमच्या बाटल्या भरणे आणि चणियांना पिना लावणे एवढेच काम करून घेतले होते. तिला जागा कुणी शिकवलीच नव्हती. चार दिवसांत ती कितीशी शिकणार? तिसऱ्या रचनेत ती चुकीच्या चौकात शिरली आणि सगळ्यांसमोर रडली. त्या रडण्याबद्दल मला आजही अपराधी वाटते.

म्हणून माझे म्हणणे असे की, मॅडमकडे जाऊन "मुलीला सुट्टी द्या" असे म्हणू नका. "राखीव मुलींना प्रत्येकी दोन-दोन जागा शिकवता येतील का" असे विचारा. आपली जागा रिकामी राहणार नाही हे कळले, की मुलगी दुखणे स्वतःहून सांगते. शिवाय प्रत्येक सराव पूर्ण ताकदीने करायची गरज नसते. उड्या आणि गिरक्या गाळून, केवळ चालत आणि हाताने खुणा करत रचना पाठ करता येतात. गरबा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो आणि महिनोन्‌महिने त्याच बाजूला वळून माझा एकच पाय जास्त भरून येई. पुढे आम्ही सरावाच्या सुरुवातीच्या फेऱ्या मुद्दाम उलट दिशेनेही घेऊ लागलो. त्यामागचे शास्त्र मला सांगता येणार नाही, पण मला बरे वाटत असे.

कारेलीबागेतला फिजिओथेरपिस्ट

प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नव्हे, तरीही घरी काय पाहावे ते सांगतो. मुलीला बसवून नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवर वरून खाली बोटाने हळूहळू दाबत जा. दुखरा भाग चार-पाच बोटे किंवा त्याहून लांब पसरलेला असेल, आणि दुखणे सराव सुरू होताना व संपल्यावर अधिक जाणवत असेल, तर बहुधा हाडाच्या आवरणावर आणि त्याला जोडलेल्या स्नायूंवर ताण आलेला असतो. सराव कमी केल्यावर तो बरा होतो. मात्र बोटाचे टोक ठेवावे एवढ्याच जागी कळ येत असेल, बसल्या जागी किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, किंवा एका पायावर उडी मारणे अशक्य झाले असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा असण्याची शक्यता धरून लगेच अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. उडीची परीक्षा घरी घेऊ नका. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. शंका राहिली तर एमआरआय करावा लागतो. तुमच्या मुलीला रात्री बाटली फिरवावी लागते आहे, म्हणून तिला या आठवड्यातच दाखवावे असे मी म्हणेन.

कारण तुमच्याच लिहिण्यात आहे. हाड भार पेलायला शिकते, पण त्याला वेळ लागतो. आठवड्याचे दहा तास एकाएकी चौदा झाले, तेही अनवाणी आणि दगडी फरशीवर. सभागृहात जाड सतरंजी घालून नाचता येत नाही, पाय अडकतात, हे मला ठाऊक आहे; परंतु सरावापुरते मऊ तळाचे बूट घालून, अखेरचे काही दिवसच अनवाणी नाचण्यास हरकत नसावी.

पोळी बंद करण्याची बाब मला नडगीइतकीच गंभीर वाटते. वाढीच्या वयात श्रम वाढले आणि अन्न घटले, की शरीर आधी पाळीवर आणि हाडांवर काटकसर करते. मुलीची पाळी नियमित आहे का, हे अवश्य विचारा. सलग तीन महिने आली नसेल तर ते सरावामुळे होतेच असे समजून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिनही तपासून घ्या. या वयाच्या मुलींत ते १२ च्या खाली असल्यास त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि अशा मुलींना आपण आळशी झालो असे वाटत राहते. झोप आठ ते दहा तास हवी. अकरावी विज्ञान, शिकवणी आणि सराव यांत ती कुठून आणायची, हे मलाही ठाऊक नाही. माझा मुलगा बारावीत आहे.

रावपुऱ्याच्या निवृत्त बाई

मी अनेक वर्षे शाळेत नृत्य शिकवले, त्यामुळे त्या मॅडमची बाजू थोडी मांडते. समूह गरब्यात परीक्षकाची नजर उत्तम मुलीवर जात नाही, चुकणाऱ्या मुलीवर जाते. पंधरा हात खांद्याच्या रेषेत आणि एक हात कानाशी असला, तर तो एकच दिसतो. म्हणून शिक्षिका स्पर्धेच्या आधी ठरलेल्या सोळा जणींना हलवायला घाबरते. हा दुष्टपणा नव्हे. तिलाही वर जाब द्यावा लागतो.

परंतु वजनाबद्दलचे बोलणे सपशेल चूक आहे. गिरकीत चणियाचा घेर उठतो तो गुडघ्यातल्या लवेमुळे आणि नेमक्या वेळी घेतलेल्या वेगामुळे. माझ्या सर्वांत देखण्या गिरक्या घेणाऱ्या विद्यार्थिनी चांगल्या दणकट होत्या. हे मुलीला तुम्ही सांगून पटणार नाही, तिच्या मॅडमनीच सांगायला हवे. तेवढी विनंती करा. मॅडमना भेटायचे हे मुलीला आधी सांगा, तिच्या नकळत जाऊ नका. पालकांचा घोळका घेऊनही जाऊ नका आणि सराव चालू असताना दारात उभ्या राहू नका. सराव संपून मुली चपला शोधत असतात तेव्हा पाच मिनिटे मागा.

आणि तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. १८८० साली सयाजीराव महाराजांशी विवाह होऊन तंजावरच्या चिमणाबाई बडोद्याला आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर तिकडचे नृत्यही या दरबारात आले. आज सूरसागरच्या काठी नृत्याची पदवी मिळते. बडोद्याच्या मराठी माणसाने नाचाला खूळ म्हणावे, हे मला जरा जड जाते.

अलकापुरीचे बाबा

मी दोन वर्षांपूर्वी अशाच कारणाने मुलीला न विचारता संघातून काढले. पाय बरा झाला. पुढचे तीन महिने ती माझ्याशी कामापुरतेच बोलली, आणि नवरात्रात सोसायटीच्या गरब्यालाही खाली उतरली नाही. यापेक्षा अधिक लिहीत नाही.

दांडियाबाजारची आई

सर्वांचे आभार. दुखणे पसरलेले आहे, एका बिंदूवर नाही. अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पाहून दोन आठवडे उड्या आणि गिरक्या बंद करायला सांगितल्या असून त्यानंतर पुन्हा दाखवायचे आहे. हिमोग्लोबिन १०.४ निघाले, गोळ्या सुरू केल्या आहेत. पाळीबद्दल विचारले, ती ठीक आहे.

मॅडमना भेटायला मुलगी आणि मी बरोबरच गेलो. मी राखीव मुलींचा विषय काढल्यावर त्या प्रथम गप्प झाल्या, मग म्हणाल्या की वेळ नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी चारही राखीव मुलींना वाटून जागा दिल्या. वजनाबद्दल त्या अद्याप काही बोललेल्या नाहीत. पोळीचा प्रश्न म्हणून अर्धाच सुटला आहे. रात्री एक खाते, तीही मी समोर बसले तर.

सध्या ती फरशीवर खडूने काढलेल्या आपल्या खुणेजवळ स्टूल टाकून बसते आणि तिच्या जागी नाचणाऱ्या मुलीला ताल मोजून देते. काल घरी येऊन म्हणाली की ती मुलगी डावीकडे वळताना टाळी अर्धी मात्रा उशिरा देते. हे सांगताना तिला झालेला आनंद लपत नव्हता.