लेहमधला शुकपा आणि देवदार एकच का?

निगडीची_माधवी: लेहला ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या आजी रोज सकाळी निखाऱ्यांवर सुक्या डहाळ्या टाकून खोल्याखोल्यांतून धूर फिरवायच्या. शुकपा म्हणायच्या त्याला. आता ऑनलाइन 'सीडर धूप' दिसतोय, पाकिटावर देवदाराचं चित्र. गौरी-गणपतीत लावावा म्हणते. दोन्ही एकच ना?

काष्ठौषधी: नाही. देवदाराची पानं सुयांसारखी, झुपक्यांत येतात. मनालीच्या हिडिंबा मंदिराभोवतीचं बन त्याचंच. शुकपा म्हणजे जुनिपर, हे वेगळंच सदाहरित झाड. इंग्रजीत त्यालाही पेन्सिल सीडर म्हणतात, तिथेच घोळ होतो.

तुळसा_पठारावरून: मी ओक्लाहोमात राहते. इथल्या नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या धर्मपंथाच्या, प्रार्थनेतही निखाऱ्यांवर सीडर टाकतात. त्यासाठी नेमलेल्या माणसाला 'सीडर मॅन' म्हणतात. इथलं रेड सीडरही जुनिपरच, पण ते कुरणांत इतकं माजलंय की शेतकरी तोडून टाकतात.

सिंधूकाठ: माधवीताई, लडाखात नेमकं उलटं आहे, म्हणून कळकळीने लिहितो. मी नोकरीनिमित्त लेहमध्ये राहतो. इथे घराच्या गच्चीवर ल्हातो असतो, म्हणजे देवाचं ठाणं. त्यात शुकप्याच्या डहाळ्यांची जुडी खोचलेली असते आणि लोसरला, नव्या वर्षाला, ती बदलतात. एवढा मान आहे या झाडाला. हेमिस शुकपाचन गावाच्या वर त्याची जुनी राई आहे, गावकरी तिला पवित्र मानतात. खोड पिळवटलेलं, साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटलेली, आणि बारक्या निळसर-काळ्या फळांवर पांढुरकी भुकटी. फळ नखाने दाबलं की राळेचा वास बोटाला चिकटून राहतो.

पण हे झाड वाढतं फार हळू. बी सहजासहजी रुजत नाही, रुजलंच तर शेळ्या-मेंढ्या कोवळा कोंब खुडतात. गावातली माणसं चिमूटभर पानांत पूजा भागवतात. आपण पाकिटंच्या पाकिटं मागवायला लागलो तर डोंगर उघडे पडायला वेळ लागणार नाही.

निगडीची_माधवी: हे माहीत नव्हतं. मग पूजेला काय लावू?

सिंधूकाठ: आपला ऊद आहे की! धुपाटण्यात गोवरीचे निखारे घ्या, राख फुंकून वर ऊद टाका. आणि पुन्हा लेहला आलात तर आजींच्या शेजारी बसून शुकप्याचा धूर मनसोक्त घ्या. त्या आनंदाने बसवून घेतील.

काष्ठौषधी: देवदारच हवा असेल तर काष्ठौषधींच्या दुकानात त्याचं लाकूड मिळतं. बारीक ढलप्या काढून उदात मिसळा, थोडाच पुरतो.