एमडीआर टीबी (मुख्य औषधांना दाद न देणारा क्षयरोग): औषधं चालू असूनही कल्चर पॉझिटिव्ह, लोबेक्टमी (फुफ्फुसाचा रोगट खंड काढणं) करावी का?

रुग्णमित्र
सीटीमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या लोबमध्ये (खंडात) एकच जाड भिंतीची कॅव्हिटी (पोकळी), डावं फुफ्फुस स्वच्छ. औषधं संवेदनशीलता अहवालाप्रमाणे (जंतूंवर कोणतं औषध चालतं ते पाहून), डोस एकही चुकलेला नाही. तरी पाचव्या महिन्याचं थुंकीचं कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) पॉझिटिव्ह. एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोरात बाहेर टाकलेली हवा) आहे १.८ लिटर. सर्जनने लोबेक्टमी सुचवली आहे. औषधांनीच काम होत नसेल तर कापून काय साधणार? आणि आधी नेमकं काय तपासून घ्यायचं?

छेदरेषा
बहुतेक वेळा औषध निकामी नसतं, ते पोचत नसतं. जुन्या कॅव्हिटीच्या भिंतीत तंतुमय ऊती जास्त आणि रक्तवाहिन्या अगदी कमी. आतल्या बाजूला मृत पेशींचा पनीरासारखा थर, शिवाय श्वासनलिकेतून हवा खेळती. जंतूंची सगळ्यात दाट वस्ती तिथेच असते. तो साठा काढला की उरलेले जंतू औषधांच्या आवाक्यात येतात. म्हणूनच ऑपरेशननंतरही गोळ्या चालूच ठेवायच्या. ‘कापलं, सुटलो’ म्हणून थांबवल्या की रोग उलटतो.

तरी आधी एक गोष्ट: पॉझिटिव्ह आलेल्या त्याच कल्चरवर संवेदनशीलता चाचणी पुन्हा करा, बेडाक्विलिन, लिनेझोलिड आणि फ्लुरोक्विनोलोन या औषधांसकट. मधल्या काळात प्रतिकार वाढला असेल तर औषधयोजना आधी बदलायला हवी. कमकुवत औषधांच्या भरवशावर छाती उघडणं मला पटत नाही.

वेळ साधारण ४ ते ६ महिने प्रभावी उपचार झाल्यावरची. त्याआधी जंतूंचा भार जास्त असतो आणि टाके घातलेल्या श्वासनलिकेच्या टोकालाच लागण होते. फार थांबलात तर रोग दुसऱ्या बाजूला पसरतो आणि ऑपरेशनची संधीच जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या सूचनांत औषधांच्या जोडीला लोबेक्टमी किंवा वेज रिसेक्शनला (पाचरीसारखा छोटा तुकडा काढण्याला) जागा दिली आहे. पूर्ण फुफ्फुस काढण्याचा तसा फायदा त्या आकडेवारीत दिसला नव्हता.

श्वासाचा हिशोब असा: दोन्ही फुफ्फुसांचे मिळून १९ सेगमेंट (लोबचे उपभाग) धरायचे, उजव्या वरच्या लोबचे ३. म्हणजे १.८ × १६/१९, सुमारे १.५ लिटर उरेल. हा आकडा वय, उंची, लिंग यांनुसार अपेक्षित असलेल्या एफईव्ही-१च्या ४० टक्क्यांखाली गेला तर धोका बराच वाढतो. रोगट लोब मुळात कमीच काम करत असतो, त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान बहुधा याहून कमी. काठावरची केस असेल तर परफ्युजन स्कॅन (कोणत्या भागाला किती रक्त जातं ते दाखवणारा) करावा.

ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहणं) मात्र टाळू नका. जिथे नळी कापायची तिथलं अस्तर लाल, सुजलेलं किंवा व्रण पडलेलं असेल तर ऑपरेशन पुढे ढकलायचं. अल्ब्युमिन, वजन, साखर आणि एचआयव्ही हे ठरलेलंच.

गुंगी
भुलीच्या बाजूने थोडं. लिनेझोलिड चालू असेल तर हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट ताजे हवेत. त्याच्यासोबत ट्रॅमाडॉल किंवा पेथिडिन ही वेदनाशामकं दिली तर सेरोटोनिन सिंड्रोम (शरीरात सेरोटोनिन अति वाढून होणारा धोकादायक त्रास) होऊ शकतो. बेडाक्विलिनमुळे ईसीजीवर क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातला एक ठरावीक काळ) लांबतो आणि उलटीसाठी सवयीने दिलेलं ऑन्डानसेट्रॉन त्यात भर घालतं. त्यामुळे आधी ईसीजी काढा, पोटॅशियम-मॅग्नेशियम नीट करा. श्वासाची नळी डबल ल्यूमेनचीच (दोन्ही फुफ्फुसं वेगळी ठेवणारी) हवी, नाहीतर फुफ्फुस हाताळताना कॅव्हिटीतला पू किंवा रक्त चांगल्या बाजूला उतरतं.

रुग्णमित्र
दूरबिणीतून होणार नाही का?

छेदरेषा
चिकटलेलं नसेल तर होतं. पण टीबीत फुफ्फुसाचा शेंडा बरगड्यांना घट्ट चिकटलेला असतो. जबरदस्तीने सोडवायला गेलं तर कॅव्हिटी फुटून छातीची पोकळी दूषित होते, म्हणून तिथे प्लुराच्या (फुफ्फुसाच्या आवरणाच्या) बाहेरून, बरगड्यांलगत शिरावं लागतं, आणि तिथून रक्त झिरपत राहतं. त्यात कॅल्शियम साठलेल्या गाठी फुफ्फुस-धमनीला चिकटलेल्या निघाल्या तर आधी धमनी मुळाशी ताब्यात घ्यायची, मगच पुढे. अशा वेळी उघड्या ऑपरेशनला कमीपणा मानू नये.

खरी भीती ब्रॉन्कोप्लुरल फिस्टुलाची, म्हणजे श्वासनलिकेचं टोक उसवण्याची. टोक आखूड ठेवायचं, आजूबाजूच्या ऊती खरवडून त्याचा रक्तपुरवठा तोडायचा नाही, आणि कल्चर पॉझिटिव्ह असेल तर इंटरकॉस्टल (बरगड्यांमधल्या) स्नायूची पट्टी त्यावर शिवायची. नंतर ताप, ड्रेनमधून (छातीत ठेवलेल्या नळीतून) अचानक हवा, किंवा चांगली बाजू खाली करून झोपल्यावर खोकल्यातून पातळ तपकिरी पाणी, यातलं काही दिसलं तर सकाळपर्यंत वाट पाहू नका. ऑपरेशनची बाजू खाली करून झोपवा आणि सर्जनला बोलवा.

काचपट्टी
प्रयोगशाळेकडून एवढंच: काढलेल्या लोबमधून कॅव्हिटीच्या भिंतीचा तुकडा तिथेच, थिएटरमध्ये, निर्जंतुक डबीत सलाईनसोबत वेगळा काढा आणि कल्चर व संवेदनशीलतेला पाठवा. उरलेला भाग हिस्टोपॅथॉलॉजीला (ऊतींच्या सूक्ष्मदर्शक तपासणीला). पुढची औषधं किती महिने आणि कोणती, हे बरंचसं याच तुकड्यावर ठरतं, आणि अख्खा लोब फॉर्मलिनमध्ये बुडवून आला की आम्हाला कल्चर लावता येत नाही.