झिगबीची डिव्हाइसेस पाऊस लागला की गायब होतात (चिऱ्याचं घर, गुहागर तालुका)

पडवीतला_टेक:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात, आईबाबा गावाला गुहागर तालुक्यात. घर जुनं, जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, पुढे पडवी आणि कौलं, मागे नंतर घातलेला स्लॅब. मागच्या दिवाळीत हौसेने होम असिस्टंट (घरातली यंत्रं एका जागेवरून चालवायचं सॉफ्टवेअर) बसवलं, माजघरात एक जुना मिनी पीसी, त्याला झिगबीचं (स्मार्ट यंत्रांचं कमी ताकदीचं वायरलेस) डोंगल, आणि ते होम असिस्टंटला जोडणारं झिगबीटूएमक्यूटीटी. चार बल्ब, तीन प्लग, दारांचे दोन सेन्सर, माळ्यावर सुपारी असते तिथे दमटपणाचा एक, टाकीखाली पाणी गळतीचा एक आणि बागेत पंपाच्या खोलीत कॉन्टॅक्टरला (पंपाचा मोठा विजेचा स्विच) एक रिले (वायरलेसने चालणारं बटण), घरापासून साधारण पन्नास पावलं.

एप्रिल-मे मध्ये एकदम मस्त चाललं. मे मध्ये मी स्वतः तिथेच होतो महिनाभर. जूनला पाऊस लागला आणि सगळं बिघडलं. पंपाचा रिले, गळतीचा सेन्सर आणि पुढच्या दाराचा सेन्सर अनअव्हेलेबल दाखवतात. बाबा सकाळी सहाला टाकी भरायला पंप लावायला जातात तेव्हा फोन येतो की तुझं यंत्र परत झोपलंय, आणि मी रात्री ऑफिसातून येऊन बघतो तर सगळं हिरवं! मला वाटलं बाबांचंच काहीतरी चुकतंय, पण स्क्रीनशॉट पाठवले त्यांनी. डोंगल बदलून झालं, बॅटऱ्या बदलून झाल्या, परत पेअर करून झालं. ओल्या भिंतीतून सिग्नल जात नसेल का? गणपतीला जातोय तेव्हा काय ते एकदाच करून टाकायचंय.

सोल्डरगन:
डोंगल थेट पीसीत खोचलंय का? आणि शेजारी यूएसबी ३ वाली हार्डडिस्क किंवा एसएसडी आहे का? असेल तर आधी ते. यूएसबी ३ चालू असताना जो रेडिओ कचरा बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो, इंटेलनेच २०१२ मध्ये यावर पेपर काढलाय. झिगबीही तिथेच. मीटर-दीड मीटरची साधी यूएसबी २ ची एक्स्टेंशन वायर आणा, डोंगल पीसीपासून लांब भिंतीवर उंच लावा. अर्ध्या लोकांचा प्रॉब्लेम तिथेच संपतो आणि ते उगाच डोंगल बदलत बसतात (तुम्ही बदललंतच).

पडवीतला_टेक:
एसएसडी आहे, निळ्या पोर्टात, आणि डोंगल तिच्या अगदी चिकटून 🤦 वायर घेऊन जातो. पण मग मे मध्ये कसं चाललं? एसएसडी तेव्हाही होतीच.

चॅनल_पंचवीस:
वायफायचा राउटर ऑटो चॅनलवर असेल बघा. आपल्याकडे पावसात दिवसातून चारदा लाईट जाते, राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर दर वेळी परत चालू होताना आजूबाजूचं बघून चॅनल निवडतो, आज १, उद्या ११. झिगबी मात्र एकदा ठरलेल्या चॅनलवरच बसून राहतं आणि राउटर नेमका त्याच्या डोक्यावर येऊन बसला की संपलं. आकड्यात सांगायचं तर वायफायचा १ नंबर म्हणजे मध्य २४१२ मेगाहर्ट्झ, त्याच्याखाली झिगबीचे ११ ते १४ दबतात. वायफाय ११ म्हणजे २४६२, आणि झिगबीचा २५ म्हणजे २४७५, तो बराच मोकळा असतो. म्हणून वायफाय १ वर फिक्स करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा (४० अजिबात नको), झिगबी २५ वर न्या. २६ च्या नादाला लागू नका, काही डिव्हाइसेस तो घेतच नाहीत. चॅनल बदलल्यावर काही सेन्सर परत पेअर करावे लागतील, तेव्हा एक पूर्ण दुपार हातात ठेवा, आरतीच्या आधी अर्धा तास नको.

कोबा_आणि_कौल:
वरचं दोन्ही बरोबर आहे, पण मला तुमच्या वेळा खटकतायत. रात्री चालतं, सकाळी मेलेलं. पाऊस घड्याळ बघून पडत नाही ना. झिगबीटूएमक्यूटीटीमध्ये मॅप (कोण कोणाला जोडलंय त्याचा नकाशा) उघडा आणि पंपाचा रिले कोणाच्या खांद्यावरून माजघरात पोचतो ते बघा. मेनवर चालणारी डिव्हाइसेस, म्हणजे बल्ब, प्लग, रिले, ही दुसऱ्याचा निरोप पुढे देतात, बॅटरीवाली नाही देत. मधला एक गडी उठून गेला की पलीकडचे सगळे अडकतात. आता खरं सांगा, घरात स्मार्ट बल्बचं बटण कोणी बंद करतं का?

पडवीतला_टेक:
आत्ता मॅप बघितला. पंपाचा रिले, गळतीचा सेन्सर, पुढचं दार, तिन्ही पडवीतल्या बल्बवरून येतायत. मग घरी फोन लावला. आई म्हणाली, "ह्यांना काय, दहा वाजले की पडवीतलं बटण बंद, आणि मग संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला चालू." म्हणजे रात्री दहा ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात, एकवीस तास तो बल्ब मेलेला!! आणि मे मध्ये का चाललं तेही कळलं. सीझनला पडवीत आंब्याच्या पेट्या भरायचं काम असतं, पहाटेची गाडी धरायची म्हणून रात्रभर लाईट चालू आणि दिवसा मी मोबाईलवरून घालवायचो, बटणाला कोणाला हात लावू देत नव्हतो. जून लागता लागता आंबा संपला, मी पुण्याला आलो, पाऊस लागला. मी सगळं बिल पावसाच्या नावावर फाडलं.

कोबा_आणि_कौल:
😄 बाबांना काही बोलू नका, ज्याने आयुष्यभर विजेचं बिल भरलंय तो बटण बंद करणारच. पडवीत साधा एलईडी लावा आणि तिथल्याच बोर्डात बटणामागे रिले बसवा, न्यूट्रल लागेल, पण ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतोच. बाबा बटण दाबतील तेव्हा बल्ब जाईल, रिले जागा राहील. शिवाय बागेच्या बाजूच्या खिडकीजवळ एक प्लग कायम चालू, वर चिकटपट्टी लावून. आणि काही स्वस्त सेन्सर असे असतात की ज्या बल्बला एकदा धरलं तो मेला तरी दुसऱ्याकडे जात नाहीत. ते नवीन रिले-प्लग लागल्यावर तिथेच उभं राहून परत पेअर करा.

ओली भिंत अगदीच निर्दोष नाही, पाणी २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल खातंच. भिजलेली पोफळीची पानंही. पण ते काठावरच्या सिग्नलला ढकलतं, चांगल्या सिग्नलला नाही.

पंपवाले_काका:
मी पस्तीस वर्षं पंपाचे स्टार्टर जोडतोय. दिवे लावायचेत तर खुशाल लावा, पंप असल्या भरवशावर ठेवू नका. चालूचा निरोप पोचला आणि बंदचा नाही पोचला तर? टाकी वाहील ते सोडा, उन्हाळ्यात विहीर तळाला गेली आणि पंप कोरडा फिरला तर वाइंडिंग जळतं. टाकीला फ्लोट स्विच (टाकी भरली की पंप बंद करणारा) वायरने जोडा, ड्राय रनचं संरक्षण स्टार्टरमध्येच घ्या. लांबून चालू करायचाच असेल तर शेतकरी वापरतात तो सिमवाला मोबाईल ऑटो घ्या, मिस कॉलवर चालतो.

सोल्डरगन:
काकांचं शंभर टक्के. पण गुहागरकडे पावसात मोबाईलची रेंज काय असते ते पण बघा 😅 पन्नास पावलं तर आहे, सरळ लॅनची केबल पुरून टाका पंपघरापर्यंत.

पंपवाले_काका:
तांब्याची केबल नको. परतीच्या पावसात आणि मेच्या वळवात कडकडाट झाला की असली पुरलेली तार घरातलं सगळं घेऊन जाते, आमच्या वाडीत एकाचा टीव्ही, राउटर, इन्व्हर्टर एका रात्रीत गेलाय.

चॅनल_पंचवीस:
मग लोरा (लांब पल्ल्याचं, कमी विजेवर चालणारं वायरलेस). भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरता येतं, २.४ पेक्षा झाडांतून खूप बरं जातं, पन्नास पावलं म्हणजे त्याला काहीच नाही. फक्त रिलेमध्ये आपोआप बंद व्हायची वेळ टाका, चाळीस मिनिटं वगैरे, रिलेच्या आतच, सर्व्हरवर नाही. सर्व्हर झोपला तरी पंप थांबेल.

मालवणी_मेलो:
माका पण ह्योच त्रास होतो. एक गोष्ट कोणी सांगितली नाही, खारा वारा. आमच्याकडे समुद्र समोरच, सेन्सरच्या सेलच्या पत्र्यावर हिरवट किटण चढतं, सेल नवीन असला तरी सेन्सर मधूनच गायब. कापसाला आयसोप्रोपिल लावून पुसा, महिन्या-दोन महिन्यांनी परत. आणि पंपाच्या खोलीतली पेटी बंद ठेवा रे, माझा कॉन्टॅक्टर दोनदा पालीने अडकवलाय. पाल मेली, पंप पण मेला.

पडवीतला_टेक:
गौरी-गणपती करून परत आलो, अपडेट देतो. डोंगल वायरवर उंच लावलं, वायफाय १, झिगबी २५, पडवीत बटणामागे रिले, खिडकीत प्लग. आठ दिवस झाले, घरातलं एकही डिव्हाइस गेलं नाही, मधे लाईट किती वेळा गेली मोजलीच नाही. दाराच्या सेन्सरच्या सेलवर खरंच हिरवट होतं, पुसलं. टाकीला फ्लोट लावला, काकांचे आभार. बाबांनी पडवीतलं बटण दहाला बंद केलं, मोबाईलवर रिले जिवंत दाखवला, तर म्हणाले मग इतके दिवस मला बोलत का होतास.

पंपाचा रिले अजून मधूनमधून जातो, एलक्यूआय (सिग्नलचा दर्जा) २५५ पैकी वीस-तीसच्या वर जात नाही. दिवाळीला लोरा घेऊन जाईन. तोपर्यंत काल एकदा असं झालं की रिले चालू दाखवतोय पण पंप चालू होत नाही, म्हणजे निरोप पोचतोय. हे काय असेल?

मालवणी_मेलो:
पेटी उघडून पाल बघ आधी.